साडेसात क्लिक : गवत मोजणाऱ्या प्लेट मीटरबद्दल

रायझिंग प्लेट मीटर म्हणजे एक उभी दांडी आणि तिच्यावर वरखाली सरकणारी, भाकरीच्या परातीएवढी ॲल्युमिनियमची हलकी तबकडी. दांडी गवतात टेकवली की तिचं टोक जमिनीला लागतं आणि तबकडी गवतावर अडते. गवत जितकं उंच आणि दाट, तितकी ती वर अडते. ती किती वर अडली हे दांडीवरचा काउंटर अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरच्या टप्प्यांनी मोजत जातो. त्या टप्प्याला सगळे क्लिक म्हणतात. यंत्र एवढंच.

मी मूळची संगमनेर तालुक्यातली. सध्या न्यूझीलंडच्या वायकाटो भागात, मॉरिन्सव्हिलजवळ, एका डेअरी फार्मवर हर्ड मॅनेजर आहे. ३०० गायी, १०० हेक्टर कुरण. गायी वर्षभर बाहेरच असतात, गोठा असा नाहीच, फक्त दूध काढायची शेड आहे. दर आठवड्याला हे मीटर हातात घेऊन मी सगळं फार्म चालते. इकडे कामाला येणाऱ्या मराठी पोरापोरींना पहिल्या आठवड्यातच ते हातात मिळतं आणि बहुतेकांना ते कशासाठी आहे हे कोणी नीट सांगत नाही. त्यांच्यासाठी, आणि आपल्याकडे ज्यांच्या गायी थोड्याफार चरायला जातात त्यांच्यासाठीही, हे लिहिते आहे.

आधी वापर कसा करायचा ते. कुंपणाने आखलेल्या प्रत्येक तुकड्याला इथे पॅडक म्हणतात. पॅडकच्या एका कोपऱ्यातून शिरायचं, तिरकं चालत जायचं आणि ठरावीक पावलांवर दांडी टेकवायची. फाटकाजवळ, पाण्याच्या हौदाजवळ आणि कुंपणाच्या कडेला टेकवायची नाही. तिथलं गवत एकतर तुडवलेलं असतं नाहीतर शेणामुताने माजलेलं. एका पॅडकमध्ये तीस-चाळीस ठिकाणी तरी टेकवावी. समजा, काउंटर सुरुवातीला १२,४८० वर होता आणि शेवटी १३,१३६ वर आला. फरक ६५६. चाळीस वेळा टेकवली असेल तर सरासरी १६.४ क्लिक. त्याला १४० ने गुणायचं आणि ५०० मिळवायचे, की उत्तर २८०० च्या जवळ येतं. म्हणजे त्या पॅडकमध्ये हेक्टरी साधारण २८०० किलो गवत उभं आहे, पाणी सोडून, निव्वळ शुष्क पदार्थाचं वजन.

यातून पुढचा हिशेब सुटतो. गायी चरून गेल्यावर हेक्टरी १५५० किलो मागे राहावं असं आम्ही धरतो. २८०० मधून १५५० गेले, उरले १२५० किलो, ते गायींचं. वसंतात (इथला वसंत सप्टेंबर ते नोव्हेंबर) भर दुधातली गाय दिवसाला १८ किलो शुष्क पदार्थ खाते असं धरलं तर ३०० गायींना ५४०० किलो लागतात. म्हणजे दिवसाला ४.३ हेक्टर. १०० हेक्टरची फेरी २३ दिवसांत पूर्ण होते. इथवर शाळेतलं गणित आहे, आणि पुष्कळ लोक मीटरचा उपयोग एवढ्यासाठीच करतात: आज किती पॅडक द्यायचा. तेवढ्यासाठी हे यंत्र चांगलं आहेच, त्याबद्दल वाद नाही.

मला ते मोलाचं वाटतं ते वेगळ्या कारणासाठी. गायी बाहेर पडल्यावर रिकाम्या पॅडकमध्ये ते टेकवावं. १५५० किलो म्हणजे साडेसात क्लिक, म्हणजे दाबलेल्या गवताची उंची पावणेचार सेंटिमीटर. हा एक आकडा पुढच्या फेरीचं गवत ठरवतो: किती येणार, कसं येणार, आणि ते खाऊन गाय किती दूध देणार. चरायच्या आधीचं गवत सगळेच कौतुकाने बघतात. चरून झाल्यावरचं कोणी बघत नाही, कारण तिथे बघण्यासारखं काही उरलेलं नसतं असं वाटतं. खरं तर सगळं तिथेच असतं.

इथलं मुख्य गवत बारमाही रायग्रास. त्याच्या एका फुटव्यावर एका वेळी तीनच पानं जिवंत राहतात. चौथं पान निघालं की पहिलं, सगळ्यात जुनं पान वाळायला लागतं. म्हणून तीन पानं झाली की गवत खायला तयार आणि तिथून पुढे थांबलं की तळाशी वाळलेला पाला साचत जातो. वसंतात एक पान निघायला आठेक दिवस लागतात, तीन पानांना चोवीस. वर जी २३ दिवसांची फेरी निघाली ती याच्याशी जुळते, आणि जुळायलाच हवी. हिवाळ्यात एका पानाला वीस दिवसांच्या वर लागतात, तेव्हा फेरी दोन महिन्यांच्या पुढे न्यावी लागते. कॅलेंडर बघून फेरी ठरवणारी माणसं मी पाहिली आहेत. पान मोजणं जास्त खात्रीचं.

आता गाय वरचं खाऊन गेली. फुटव्याला नवं पान काढायचंय आणि हिरवं तर जवळजवळ काही उरलेलं नाही. मग तो ते कशाच्या जोरावर काढतो? बुडात साठवलेल्या साखरेच्या जोरावर. रायग्रासची ही साठवण जमिनीपासूनच्या चार-पाच सेंटिमीटरमध्ये असते. पहिलं पान बहुतांशी त्या साठवणीतून येतं, आणि दुसरं पान पूर्ण व्हायच्या सुमारास साठवण पुन्हा भरत येते. गायीने ते बूडच खरवडून खाल्लं, तर पान निघतं पण हळू निघतं, आणि मुळांची वाढ थांबते. आणि पहिलं पान निघताच गाय पुन्हा त्याच जागी आली, तर साठवण भरण्याआधीच दुसऱ्यांदा उपसली जाते. असं दोन-तीन फेऱ्या झालं की फुटवे मरतात, कुरणात मोकळ्या जागा पडतात आणि तिथे तण शिरतं.

म्हणजे चराईच्या तीव्रतेत दोन गोष्टी आल्या: किती खोल खाल्लं आणि किती लवकर परत खाल्लं. हे दुसरं फार लोकांच्या लक्षात येत नाही. ३०० गायी एका पॅडकवर एक दिवस सोडल्या तर बघणाऱ्याला वाटतं केवढा हा बोजा. पण त्या निघून जातात आणि गवताला तेवीस दिवस कोणी हात लावत नाही. उलट तीन गायी एका तुकड्यावर महिनाभर मोकळ्या राहिल्या, तर त्या रोज तीच कोवळी पानं शोधून खातात, आणि कडेचं जून गवत तसंच उभं राहतं. एकाच तुकड्यात अर्धं गवत खरवडलेलं आणि अर्धं वाया गेलेलं. वसंतात तीन दिवसांच्या वर गायी एका जागी ठेवल्या की त्या नव्याने फुटलेलं खायला लागतात, म्हणून आम्ही पुढच्या तारेबरोबर मागेही तार ओढतो. पॉलिवायरचं, म्हणजे विजेच्या तात्पुरत्या कुंपणाच्या हलक्या तारेचं, एक रीळ आणि प्लास्टिकचे खुंट, अर्ध्या तासाचं काम. जास्त करून लोक पुढची तार सरकवतात आणि मागची विसरतात.

आता कमी चारलं तर काय? गाय आधी पानं खाते आणि काडी सोडते. नऊ-दहा क्लिकवर गायी काढल्या की मागे राहिलेल्यात काडी आणि जुनी पानं जास्त असतात. पुढच्या फेरीत नवं गवत त्याच्यातूनच वर येतं. वरून बघाल तर उंच, हिरवंगार, दाट. मीटरही मोठा आकडा दाखवतं. पण हातात मूठभर उपटून उलटं करून बघा, तळाला पिवळं आणि करडं दिसेल. पानेरी गवतात एका किलो शुष्क पदार्थामागे साडेअकरा-बारा मेगाज्यूल ऊर्जा असते; काडी आणि वाळलेला पाला मिसळला की ती दहाच्या आसपास येते. गाय दिवसाला जितकं खाऊ शकते त्याला मर्यादा आहे, आणि काडीदार गवत ती खातेही कमी. एका किलोमागची ऊर्जाही कमी, खाणंही कमी, असा दुहेरी फटका बसतो. दूध मोजणाऱ्या मीटरवर तो लगेच दिसत नाही. फेरी परत त्या पॅडकवर येते तेव्हा दिसतो, आणि तोपर्यंत तीन आठवडे उलटलेले असतात, म्हणून लोक दोष हवामानाला देतात.

रायग्रासबरोबर कुरणात क्लोव्हर हे द्विदल रोपही असतं. त्याचं नुकसान आणखी मोठं. पांढरा क्लोव्हर जमिनीलगत धावणाऱ्या वेलांनी पसरतो, आणि त्या वेलांना ऊन लागलं तरच नवे डोळे फुटतात. वर रायग्रासची गर्दी झाली की तो सावलीत दबतो. क्लोव्हर हवेतला नत्र जमिनीत आणतो, त्याचा पाला रायग्रासपेक्षा पचायला हलका, गायी तो आवडीने खातात. तो गेला की युरियाची पोती वाढतात. गवत वरवर चारणाऱ्याला वाटतं आपण कुरणावर दया करतोय. क्लोव्हरला तसं वाटत नसणार.

एक गोष्ट सरळ सांगायला हवी, कारण फार्मवरच्या चर्चेत ती अर्धवटच सांगितली जाते. फार खोल चारलेल्या पॅडकचं पुढचं गवत कोवळं आणि पानेरीच येतं. प्रयोगशाळेत दिलं तर त्याचा आकडा चांगलाच येईल. दर्जा बिघडतो तो वरवर चारल्याने. खोल चारल्याने बिघडते ती वाढ, आणि खालचं खरवडून खायला लागलेल्या गायीचं त्या दिवसाचं पोट. म्हणून ‘दर्जा’ हा एकच शब्द धरून जो खोल चारत राहतो त्याच्याकडे उत्तम प्रतीचं पण अपुरं गवत तयार होतं, आणि मग पाम कर्नलचा, म्हणजे विकतच्या पाम पेंडीचा, ट्रक येतो. हॅमिल्टनच्या रुआकुरा संशोधन केंद्रात विसाव्या शतकाच्या मध्यात सी. पी. मॅकमीकन यांनी हेक्टरी गायींच्या संख्येवर जे काम केलं, त्याचा गाभा हाच होता: गायी वाढवल्या की दर गायीमागे दूध कमी होत जातं आणि दर हेक्टरमागे वाढत जातं, एका मर्यादेपर्यंत. ती मर्यादा आपल्या जमिनीवर कुठे आहे हे कोणी दुसरा सांगू शकत नाही. साडेसात क्लिक हा त्या मर्यादेच्या जवळ राहण्याचा रोजचा उपाय आहे. सात ते आठच्या मध्ये असलं की मी समाधानी असते.

मग हे डोळ्यांनी दिसत नाही का? दिसतं, अनुभव असलेल्या माणसाला बरंच दिसतं. पण डोळा सवयीला बळी पडतो. आठवडाभर उंच गवत बघितलं की मध्यम गवत आखूड वाटायला लागतं. दुष्काळी उन्हाळ्यात उलटं होतं. गेल्या हंगामात फलटणकडचा एक पोरगा आमच्याकडे आला, घरी म्हशी सांभाळलेला, जनावराची चांगली जाण असलेला. दुपारी पॅडकच्या तारेशी उभा राहून मला म्हणाला, “ताई, अजून हिरवं दिसतंय की. संध्याकाळपर्यंत राहू द्या ना गायी, वाया कशाला घालवायचं?” मी म्हटलं, आधी मीटर फिरव. त्याने फिरवलं, सात पूर्णांक सहा आलं. खालचं हिरवं गवताच्या बुंध्याचं होतं, पानाचं नव्हतं. आम्ही फाटक उघडलं. दोन दिवसांनी दुसऱ्या एका पॅडकमध्ये त्याला वाटलं गायींनी सगळं साफ केलंय, आणि मीटरवर साडेनऊ आले. म्हणजे हेक्टरी १८०० च्या वर. शेणाच्या पोभोवती गायी तोंड लावत नाहीत, तिथे झुबके उभे राहतात, आणि मधलं गवतही त्यांनी पूर्ण खाल्लं नव्हतं. त्या पॅडकवर आम्ही भाकड गायी अर्धा दिवस सोडल्या. हंगाम संपेपर्यंत त्याची नजर इतकी तयार झाली की तो आधी आकडा सांगायचा आणि मग टेकवायचा, आणि फार तर अर्ध्या क्लिकचा फरक पडायचा. हे यंत्र नजरेची जागा घेत नाही, तिला वळण लावतं. शिकणाऱ्याच्या हातात ते द्यावं असं मी म्हणते ते यासाठी.

त्याच्या मर्यादाही आहेत, आणि विकत घेणाऱ्याला त्या आधी कळायला हव्यात. पहिली म्हणजे ते सूत्र. १४० आणि ५०० हे वर्षभराच्या सोयीसाठी ठरवलेले आकडे आहेत. ऋतूनुसार बदलणारी सूत्रंही वापरात आहेत. नोव्हेंबर-डिसेंबरात रायग्रास निसवतं, काड्या ताठ होतात, आणि तबकडी त्या काड्यांवर अडून वर राहते. त्याच उंचीला पानेरी गवताचं वजन वेगळं आणि निसवलेल्या गवताचं वेगळं. उन्हाळ्यात तळाचा वाळका पाला वजनात मोजला जातो पण तो चारा म्हणून धरण्यासारखा नसतो. प्लँटेन किंवा चिकोरी पेरलेल्या पॅडकमध्ये तर हे सूत्र लावूच नये. रुंद पानांच्या त्या रोपांवर तबकडी कशीही बसते. ओबडधोबड, उताराच्या जमिनीवर दांडीचं टोक खळग्यात जातं आणि आकडा जास्त येतो. आणि चालणारा माणूस बदलला की वाचन बदलतं: कोणी दांडी ठोकतो, कोणी अलगद ठेवतो. आमच्याकडे म्हणून एका हंगामात फार्म चालणारं माणूस एकच असतं, आणि वाटही दर आठवड्याला तीच. आकडा दहा टक्क्यांनी चुकीचा असला तरी दर आठवड्याला त्याच बाजूला तेवढाच चुकीचा असेल तर चालतो, कारण आम्हाला बघायचं असतं वाढ किती झाली आणि कुठला पॅडक पुढे गेला.

आठवड्याचे सगळे आकडे मोठ्यापासून लहानापर्यंत उभ्या पट्ट्यांनी मांडले की जो उतार दिसतो त्याला इथे फीड वेज म्हणतात. चरायच्या आधीचं लक्ष्य आणि चरून झाल्यावरचं लक्ष्य यांच्यामध्ये एक तिरकी रेष ओढायची. पट्ट्या रेषेच्या वर गेल्या तर गवत जास्त झालंय, एखादा पॅडक फेरीतून काढून मुरघासाला द्यावा. खाली राहिल्या तर फेरी लांबवा किंवा पूरक खाद्य द्या. आमच्या १०० हेक्टरला दिवसाला हेक्टरी ५४ किलो वाढ पुरते. ऑक्टोबरात ती साठच्या वर गेली की मुरघास करणाऱ्या ठेकेदाराला फोन जातो. फोनला आठवडा उशीर झाला तर गवत निसवून जातं आणि मग उरलेला हंगाम काड्या खाली आणण्यात जातो. या एका निर्णयासाठीसुद्धा मीटर पैसे वसूल करून देतं.

जानेवारी ते मे या काळात त्या साडेसात क्लिकला आणखी एक अर्थ येतो. उष्ण, दमट हवेत कुरणाच्या तळाशी साचलेल्या मेलेल्या पाल्यावर एक बुरशी वाढते, तिच्या बीजाणूंतलं विष गायीचं यकृत बिघडवतं. मग उन्हात कातडी सोलवटते, दूध आटतं, गाय सावली शोधत फिरते. याला इथे फेशियल एक्झिमा म्हणतात आणि त्यासाठी गायींना जस्त देत राहावं लागतं. बीजाणू सगळ्यात जास्त तळाशी असतात. वसंतात ज्याने वरवर चारलं त्याच्या पॅडकमध्ये मेलेला पाला जास्त. उन्हाळ्यात ज्याने खोल चारलं त्याच्या गायींच्या पोटात तो पाला जास्त. दोन्ही एकाच फार्मवर झालं तर काय होतं हे एकदा पाहिलेल्या माणसाला पुन्हा समजवावं लागत नाही. या महिन्यांत मी आठच्या खाली जाऊ देत नाही.

आता कोणतं घ्यावं. साध्या, आकडे फिरणाऱ्या काउंटरचं मॉडेल आणि ब्लूटूथने फोनवर आकडे पाठवणारं इलेक्ट्रॉनिक मॉडेल अशा दोन जाती आहेत. इलेक्ट्रॉनिक कितीतरी महाग, पण चाळीस पॅडकांचे आकडे ओल्या वहीत लिहायची कटकट वाचते आणि वेज आपोआप तयार होतो. पॅडक पंधरा-वीस असतील तर साधं घ्या. त्यात बॅटरी नाही, पावसात बिघडत नाही, आणि भागाकार स्वतः केल्यामुळे आकडा डोक्यात राहतो, हा फायदा मला मोठा वाटतो. क्वाड बाईकमागे ओढायचं मीटरही मिळतं. मोठ्या, सपाट फार्मला ते वेळ वाचवतं. उपग्रहावरून गवत मोजून देणारी सेवाही आहे. तिला आकाश निरभ्र लागतं, आणि वायकाटोच्या हिवाळ्यात ते मिळेलच असं नाही. शिवाय या दोन्हींत माणूस पॅडकमध्ये पायी जात नाही. पायी गेल्याशिवाय गवत उपटून त्याचं बूड बघितलं जात नाही, तुटलेली तार दिसत नाही, फुटलेला हौद दिसत नाही. दर आठवड्याचे ते तीन तास मी कशाच्याही बदल्यात देणार नाही.

यंत्राची निगा फार नाही. दांडीवर चिखल आणि चीक बसला की तबकडी अडकते आणि सगळे आकडे वर जातात. प्रत्येक फेरीनंतर पाण्याने धुवावं, दांडी पुसावी, तबकडी सोडून दिली की आपल्या वजनाने खाली येते का बघावं. तबकडीला पोचा आला तर ती बदलावी, ठोकून सरळ करू नये. तबकडीचं वजन ठरलेलं असतं आणि सूत्र त्याच वजनासाठी असतं, म्हणून एका कंपनीची तबकडी दुसऱ्या कंपनीच्या दांडीवर चढवू नये.

आपल्याकडे याचा उपयोग आहे का, असं घरचे विचारतात. आई व्हिडिओ कॉलवर चरून झालेला पॅडक बघून म्हणाली होती, “अगं, एवढं गवत का सोडून दिलंस? चार टोपल्या निघाल्या असत्या.” तिच्या संकरित गायी दावणीला असतात, नेपियर, मुरघास आणि कडबा खातात, तिला प्लेट मीटर नको. पण आमच्या तालुक्याला लागून असलेल्या अकोले तालुक्यात डांगी गायी आजही डोंगरावर चरतात, आणि गायरानं तर गावोगाव आहेत. तिथे अडचण गायींच्या संख्येपेक्षा वेळेची जास्त आहे. जूनमध्ये पहिला हिरवा कोंब दिसला की जनावरं सुटतात, गवताने बुडातली साठवण भरायच्या आत ते खाल्लं जातं, आणि हे दर वर्षी होतं. पवना आणि मारवेल यांसारखी चांगली बारमाही गवतं त्यात आधी जातात. मग कुसळी वाढते, जी सप्टेंबर-ऑक्टोबरात कुसळं धरल्यावर जनावराच्या तोंडाला टोचते, आणि कुसळीही टिकली नाही की निकृष्ट वार्षिक गवतं येतात. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर हिवरे बाजारने चराईबंदी केली आणि गवत विळ्याने कापून न्यायची पद्धत बसवली. आमच्या तालुक्यातल्या दरेवाडीत पाणलोटाच्या कामात डोंगर चराईला बंद केले गेले. दोन्हीकडे गवत परत आलं. गवताला उसंत मिळाली हेच त्याचं कारण, आणि उसंत बंदीनेही देता येते, फेरीनेही देता येते. झटका मशीन आणि दोन रीळ तार असली तर चार तुकडे करून पाळीपाळीने चारणं जमण्यासारखं आहे. मारवेलसारखं ठोंबाचं गवत रायग्राससारखं पावणेचार सेंटिमीटरवर आणू नये. त्याचे वाढीचे डोळे वर असतात, चार इंचांचं बूड तरी ठेवावं.

तिथे हे मीटर मागवू नका. ठोंबाच्या गवतात तबकडी एकदा ठोंबावर आणि एकदा मोकळ्या मातीवर बसेल, आणि १४०-५०० चं सूत्र त्या गवताचं नाहीच. त्याऐवजी गजाची किंवा पीव्हीसी पाइपची अर्धा मीटर बाय अर्धा मीटर चौकट करा. ती गायरानात सात-आठ ठिकाणी टाका, नुसती गवत असलेली जागा निवडून नव्हे तर येईल तिथे. आतलं गवत चार इंचांवर कापा, वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत वाळवा, आणि एका चौकटीचं सरासरी वजन ग्रॅममध्ये काढून ४० ने गुणा. आलेलं उत्तर म्हणजे हेक्टरी किती किलो वाळला चारा, बूड सोडून. त्याला जागेच्या हेक्टरांनी गुणून आपल्या सगळ्या गायींच्या रोजच्या खाण्याने भागलं की किती दिवसांचा चारा आहे ते कळतं. ही चौकट ऑगस्टमध्ये टाका, गवत निसवायच्या आधी, आणि गायी एका तुकड्यातून दुसऱ्यात गेल्या की मागच्या तुकड्यात फूटपट्टी लावायला पुन्हा जा.